वाऱ्यावर गेलेली खेळणी

काबूल शहराच्या बाहेरच्या अंगाला, विमानतळाच्या परिसरात ‘कसबा’ नावाची एक वस्ती आहे. हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. पुण्याच्या कसबा पेठेपासून कोकणातील लहानमोठ्या कसब्यांपर्यंत तो अरबी-फारसीच्या वाटेने येऊन आपल्याकडे स्थिरावला आहे. काबूलच्या कसब्याभोवती उघडे माळ आहेत, त्यांच्या मागे डोंगर आहेत आणि त्या डोंगरांवरून उतरणारा वारा तेथे फारसा थांबतच नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत या माळावर मसूद आणि महमूद हसनी हे दोघे भाऊ वस्तीतील इतर मुलांबरोबर एक खेळ खेळत असत.

खेळणी दुकानातून आणावीत अशी तेथील परिस्थिती नव्हती. हाती लागेल त्या सामानातून मुले वाऱ्याने घरंगळणारी हलकी खेळणी तयार करीत आणि माळाच्या कडेला उभी राहून ती सोडून देत. मग शर्यत सुरू होई. या खेळात एक विचित्र अडचण मात्र होती. जे खेळणे सर्वांत चांगले बनले असेल, तेच नेमके हातचे जाई. वारा त्याला अशा ठिकाणी नेऊन टाकी की जेथे पाऊल ठेवण्यास मुलांना सक्त मनाई होती. त्या जमिनीत भूसुरुंग पेरलेले होते. खेळणे दुरून दिसत राही. आणता मात्र येत नसे.

पुढे यादवी युद्धाच्या धामधुमीत हसनी बंधूंचे काबूल सुटले. मसूद देशोदेशी भटकत किशोरवयात नेदरलँड्सला पोहोचला. २०११ मध्ये आइंडहोव्हन येथील ‘डिझाइन अकॅडमी’तून तो पदवीधर झाला, तेव्हा पदवीचा प्रकल्प म्हणून त्याने जी वस्तू परीक्षकांपुढे ठेवली, ती कसब्याच्या माळावर हरवलेले तेच खेळणे होते. आकाराने वीसपट मोठे, वजनाने एखाद्या प्रौढ माणसाएवढे आणि या वेळी मुद्दामच सुरुंगांच्या जमिनीत सोडण्यासाठी बनविलेले.

विद्यार्थ्याचा प्रकल्प म्हणजे काय?

आपल्याकडे ‘डिझाइन’ म्हटले की साडीचा काठ, दागिन्याचा नमुना किंवा फार तर मोटारगाडीचा बाह्याकार डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्तुतः बँकेचा ग्राहक व कर्मचारी दोघेही डिझाइनच्या एका विद्यार्थ्याचे काम दिवसातून कितीतरी वेळा हाताळत असतात. रुपयाचे जे चिन्ह आज धनादेशापासून दुकानातील किमतीच्या चिठ्ठीपर्यंत सर्वत्र दिसते, ते डी. उदयकुमार यांनी रेखाटलेले आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात ते त्या वेळी तमिळ अक्षरमुद्रांवर पीएच.डी.चे संशोधन करीत होते. देवनागरी ‘र’ आणि रोमन लिपीतील ‘आर’ यांचा मेळ घालणारे हे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०१० मध्ये स्वीकारले.

डिझाइनच्या शिक्षणात शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला मोठे महत्त्व असते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ताळेबंद जुळवून दाखवावा लागतो. या विद्यार्थ्याला एखादी अडचण शोधून तिच्यावरचा तोडगा प्रत्यक्ष हाताने घडवून दाखवावा लागतो. अडचण कोणती निवडायची, हे बहुधा त्याचे त्यानेच ठरवायचे असते आणि खरी परीक्षा तेथेच होते. अमेरिकेतील अभिकल्पक व अध्यापक व्हिक्टर पापानेक यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, जगातील खऱ्या गरजा सोडून अनावश्यक वस्तू सजविणाऱ्या आपल्याच व्यवसायबंधूंवर सडकून टीका केली होती. त्यापूर्वी त्यांनी व जॉर्ज सीगर या त्यांच्या विद्यार्थ्याने, टाकून दिलेल्या पत्र्याच्या डब्यातून मेणाच्या ज्योतीवर चालणारा रेडिओ तयार केला होता. दिसायला तो अगदीच ओबडधोबड होता आणि त्यावरून त्यांना बरेच ऐकूनही घ्यावे लागले. भारतापुरते बोलायचे तर, भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याने १९५८ च्या आपल्या अहवालात गौरवाने उल्लेख केला तो कोणत्याही राजवाड्यातील वस्तूचा नव्हे, तर घरोघरच्या साध्या लोट्याचा. त्याच अहवालातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आकारास आली.

आइंडहोव्हनची अकॅडमी १९४७ सालची. हे गाव फिलिप्स कंपनीचे, आणि अकॅडमी भरते ती ‘श्वेतांगना’ अशा अर्थाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, फिलिप्सच्याच एका जुन्या पांढऱ्या कारखान्याच्या इमारतीत. तेथे दरवर्षी पदवीधरांच्या कामाचे प्रदर्शन भरते आणि ते पाहण्यास देशोदेशीचे लोक येतात. खुर्च्या, दिवे, कापड, भांडी असे नाना प्रकार तेथे मांडलेले असतात. २०११ मध्ये त्यांच्यात मसूदचा तो काटेरी गोळा होता.

बांबूच्या काठ्यांची ‘म्हातारी’

या वस्तूला त्याने ‘माइन काफोन’ असे नाव दिले. ‘काफोन’ हा स्फोट घडविण्याच्या अर्थाचा दरी भाषेतील शब्द आहे. दुरून पाहिले, तर रुईच्या किंवा सावरीच्या बीची जी ‘म्हातारी’ उन्हाळ्यात आपल्या अंगणातून तरंगत जाते, तिचीच आठवण व्हावी. जवळ गेले की तिचा आकार लक्षात येतो. व्यास दोन मीटरांहून अधिक, वजन सुमारे ७० किलो. मध्यभागी एक गोल गाभा, त्यातून सर्व दिशांना निघालेल्या शंभराहून अधिक बांबूच्या काठ्या आणि प्रत्येक काठीच्या टोकाला प्लॅस्टिकचे वाटोळे पाऊल. वारा ही पावले अडवतो, ढकलतो आणि गोळा एकेक पाऊल टाकीत पुढे घरंगळतो.

मनुष्यावर घातलेला सुरुंग काही किलोंच्या दाबानेही फुटतो. गोळ्याचे पाऊल सुरुंगावर पडले की स्फोट होतो, तेथल्या काही काठ्या उडून जातात आणि उरलेल्या काठ्यांच्या आधारे गोळा पुढे जाऊ शकतो. एका गोळ्याने असे दोन-चार स्फोट सोसावेत, अशी अपेक्षा होती. तुटलेल्या काठ्या काढून नव्या बसविता येतात. गाभ्यात उपग्रहाद्वारे स्थान कळविणारे उपकरण बसविलेले होते, त्यामुळे गोळा कोणत्या मार्गाने फिरला हे संगणकाच्या पडद्यावरील नकाशात उमटत जाई. ज्या रेषेवरून तो गेला, ती वाट चालण्यास योग्य, अशी ही कल्पना.

साहित्याची निवडही विचारपूर्वक केलेली दिसते. बांबू स्वस्त, हलका आणि लवचिक. तो मोडला तरी जमिनीत कुजून जातो. पावलांसाठीही विघटनशील प्लॅस्टिकचा वापर केला होता. सुरुंग काढण्यासाठी जमिनीत आणखी कचरा टाकून यायचे, हे मसूदला मान्य नसावे. एका गोळ्याचा खर्च त्याने ४० युरोंच्या आसपास सांगितला. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम तीन हजार रुपयांच्या आत येते.

सुरुंगाचा जमाखर्च

या ४० युरोंचे महत्त्व समजण्यासाठी सुरुंगांचे अर्थशास्त्र थोडे पाहिले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या साहित्यात अनेकदा येणारा हिशेब असा : एक सुरुंग बनवून पेरण्यास ३ ते ३० डॉलर पुरतात, पण तोच शोधून काढण्यास ३०० ते १,००० डॉलर लागतात. कर्जाच्या व्यवहारात असा व्याजदर कोठेही आढळणार नाही. शिवाय हे कर्ज काढणारा एक आणि फेडणारा दुसराच असतो. युद्ध संपते, सैन्ये निघून जातात, तह होतात. जमिनीतील सुरुंगाला यातले काहीच कळत नाही. वीस-तीस वर्षांनंतरही तो पहिल्या दिवसाइतकाच सज्ज असू शकतो.

आणि जमिनीचे काय? ज्या शेतात पाऊल टाकता येत नाही, ते सातबारासारख्या एखाद्या कागदावर कोणाच्या तरी नावे असेल, पण त्यात पेरणी होत नाही, गुरे चरत नाहीत, विहिरीपर्यंत वाट उरत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ती सर्वार्थाने अनुत्पादक मालमत्ता. भारतातील सीमावर्ती शेतकऱ्यांनी हा अनुभव घेतला आहे. संसदेवरील हल्ल्यानंतर २००१-०२ मध्ये पश्चिम सीमेवर सैन्याची जमवाजमव झाली, तेव्हा पंजाब, राजस्थान व जम्मूच्या सीमाभागात मोठ्या प्रमाणावर सुरुंग पेरण्यात आले होते. ते पुढे काढण्यात आले आणि शेतकऱ्यांना भरपाईही देण्यात आली. परंतु दरम्यानचे हंगाम गेले ते गेलेच, आणि सुरुंग पेरताना व काढताना जवानांनाही जिवाची किंमत मोजावी लागली.

अफगाणिस्तानातील दैन्य याहून फार जुने व खोल आहे. १९७९ नंतरच्या सोव्हिएत युद्धात, त्यानंतरच्या यादवीत आणि पुढच्या प्रत्येक लढाईत तेथील जमिनीत काही ना काही पेरले गेले. त्यांपैकी ‘फुलपाखरू’ या नावाने ओळखला जाणारा सुरुंग विशेष क्रूर. तो हवेतून टाकला जाई आणि त्याच्या पंखासारख्या आकारामुळे भिरभिरत खाली येई. प्लॅस्टिकचा, तळहाताएवढा, मुलांना उचलून घ्यावासा वाटेल असा. मसूदच्या पिढीतील मुलांच्या दृष्टीने खेळणे कोणते आणि सुरुंग कोणता, हा प्रश्न खरोखरच जीवनमरणाचा होता.

जगभरची आकडेवारी गोळा करणाऱ्या ‘लँडमाइन मॉनिटर’ या अहवालानुसार, २०२३ या एका वर्षात सुरुंग व युद्धातील न फुटलेले दारूगोळे यांमुळे किमान ५,७५७ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या किंवा जखमी झाल्या. त्यांत बहुसंख्य सामान्य नागरिक होते आणि ज्यांच्या वयाची नोंद झाली त्यांत एकतृतीयांशाहून अधिक मुले होती.

जाणकारांचा आक्षेप

‘माइन काफोन’वर कॅलम कूपर या दिग्दर्शकाने २०१२ मध्ये लघुपट केला आणि वाळवंटात वाऱ्यावर चालणारा हा गोळा जगभर पाहिला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस लोकवर्गणीसाठी आवाहन करण्यात आले आणि १ लाख पौंडांचे उद्दिष्ट पार पडले. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने हा गोळा ‘उपयोजित अभिकल्प’ या विषयावरील आपल्या प्रदर्शनात मांडला आणि एक नमुना स्वतःच्या संग्रहातही घेतला. एका विद्यार्थ्याच्या पदवी प्रकल्पाला यापेक्षा मोठे यश ते कोणते मिळावे?

परंतु ज्यांनी आयुष्य सुरुंग काढण्यात घालविले, त्यांनी या कौतुकात सूर मिसळला नाही. त्यांचे म्हणणे नीट समजून घेण्यासारखे आहे. कारण ते मत्सरातून आलेले नाही.

सुरुंग काढणाऱ्याचे काम कसे चालते? अफगाणिस्तानात हे काम संघटितपणे सुरू होऊन चार दशके होत आली. ‘हॅलो ट्रस्ट’ ही संस्था १९८८ मध्ये काबूलमध्येच जन्मली आणि १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या साह्याने तेथील सुरुंगसफाईचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू झाला. हे काम करणारे बहुतांश लोक अफगाणच. जमिनीवर सुमारे मीटरभर रुंदीची पट्टी आखली जाते. चेहऱ्यावर जाड पारदर्शक कवच लावून माणूस गुडघ्यांवर बसतो, धातुशोधक यंत्र हळूहळू फिरवितो आणि यंत्राने आवाज दिला की बाजूने, तिरक्या कोनात, हलक्या हाताने माती उकरतो. बहुतेक वेळा हाती लागतो एखादा खिळा किंवा डब्याचा पत्रा. पुन्हा पुढची वीत. जी जमीन तपासून झाली तिच्या कडेला पांढरे दगड, जी बाकी आहे तिच्या कडेला लाल. दिवसभराच्या अशा कष्टांतून एका माणसाच्या वाट्याला मोजकेच चौरस मीटर येतात.

हे काम संथ आहे, ते अकुशलतेमुळे नव्हे. सफाई पूर्ण झाल्याचा दाखला देणे म्हणजे शेतकऱ्याला ‘उद्यापासून नांगर धर’ असे सांगणे. तेथे ‘बहुतेक सुरुंग निघाले’ या शब्दाला काही अर्थ नाही. ठरविलेल्या क्षेत्रातील, ठरविलेल्या खोलीपर्यंतचा प्रत्येक सुरुंग निघाला पाहिजे, हाच आंतरराष्ट्रीय निकष. लेखापरीक्षकाने शंभरातील नव्वद नोंदी तपासून सही करावी, तसे येथे चालत नाही.

आता वाऱ्यावर फिरणारा गोळा या कसोटीवर घासून पाहा. वारा नेईल तिकडे तो जाणार. त्याची पावले जमिनीला सुट्या सुट्या ठिपक्यांवर टेकणार. दोन ठिपक्यांमधली जमीन तशीच राहणार. खडक, झुडूप, ओहोळ आडवा आला की तो थांबणार. पावसाच्या गाळाखाली खोल गेलेल्या जुन्या सुरुंगावरून तो स्फोट न होता निघून जाण्याचीही शक्यता आहे. रणगाड्यांसाठी पेरलेल्या मोठ्या सुरुंगांना तर त्याचे वजनच पुरत नाही. म्हणून जाणकारांचा निष्कर्ष असा, की एखाद्या भागात सुरुंग आहेत की नाहीत याची चाहूल या गोळ्याने कदाचित लागेल. पण तो फिरून गेला म्हणून जमीन सुरक्षित झाली, असे कोणीही म्हणू नये.

आणि एक प्रश्न उरतोच. गोळा सुरुंगांच्या मधोमध अडकून पडला, तर त्याला बाहेर आणायला कोणी जायचे? उपग्रह त्याची जागा अचूक सांगेल; परंतु तेथपर्यंतची वाट तो ज्या रेषेने गेला तेवढीच, आणि तीही पुरत्या खात्रीची नाही. कसब्याच्या माळावर मुलांपुढे जी अडचण उभी होती, ती वीसपट मोठी होऊन पुन्हा तेथेच येऊन उभी राहिली.

मसूदने ही टीका कशी घेतली, हे त्याच्या पुढच्या कामातून दिसते. आपल्या गोळ्याचे समर्थन करीत तो बसला नाही. भाऊ महमूद याच्या साथीने त्याने वाऱ्याचा नाद सोडून वैमानिकाविना उडणाऱ्या यंत्राचा मार्ग धरला. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘माइन काफोन ड्रोन’ची कल्पना तीन टप्प्यांची होती. आधी वरून उडत जमिनीचा तपशीलवार नकाशा करायचा, मग जमिनीलगत धातुशोधक नेऊन सुरुंगांच्या जागा टिपायच्या आणि शेवटी त्या जागी लहानसे स्फोटक ठेवून दुरूनच सुरुंग उडवायचा. या वेळी लोकवर्गणीत उद्दिष्टाच्या दुपटीहून अधिक रक्कम जमली. दहा वर्षांत जग सुरुंगमुक्त करण्याची भाषाही तेव्हा झाली होती. ती अर्थातच फार उतावीळ होती. झाडेझुडपे, उंचसखल जमीन आणि जमिनीत विखुरलेले लोखंडाचे तुकडे यांच्यापुढे ड्रोनवरील धातुशोधकाचेही हाल होतात. तरी गोळा व ड्रोन यांतला एक फरक लक्षात घ्यावा असा आहे. पहिला जेथे वारा नेईल तेथे जात होता. दुसरा जेथे पाठवू तेथे जातो आणि परत येतो.

उंदीर आणि पाऊल

सुरुंगांचा प्रश्न हाती घेणारा मसूद हा डिझाइनचा पहिलाच विद्यार्थी नव्हे. बेल्जियममधील अँटवर्प येथे उत्पादन-अभिकल्पाचे शिक्षण घेतलेल्या बार्ट वेटयेन्स याला लहानपणी उंदीर पाळण्याचा छंद होता. सुरुंगांवर उपाय शोधता शोधता त्याला जुन्या दोस्तांची आठवण झाली. वास घेण्याची तीव्र शक्ती, शिकण्याची तयारी आणि सुरुंग फुटणार नाही इतके कमी वजन, हे सर्व गुण त्यांच्यात आयतेच होते. १९९७ मध्ये त्याने ‘अपोपो’ ही संस्था सुरू केली आणि टांझानियातील मोरोगोरो येथे आफ्रिकेतील मोठ्या गालफड्या उंदरांना स्फोटकाचा वास ओळखण्याचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. वास लागला की उंदीर जमीन खरवडतो आणि बक्षीस म्हणून केळ्याचा तुकडा मिळवितो. धातूच्या तुकड्यांकडे तो ढुंकूनही पाहत नसल्यामुळे खिळ्यापत्र्यांत जाणारा वेळ वाचतो. टेनिसच्या मैदानाएवढी जागा तो अर्ध्या तासात हुंगून काढतो.

सुरुवातीला या कल्पनेची पुष्कळ थट्टा झाली. पण मोझांबिक २०१५ मध्ये सुरुंगमुक्त जाहीर झाला, त्या कामात या उंदरांचाही वाटा होता. कंबोडियात काम केलेल्या ‘मगावा’ नावाच्या उंदराने शंभराहून अधिक सुरुंग व दारूगोळे शोधून दिले. २०२० मध्ये त्याला प्राण्यांच्या शौर्यासाठी दिले जाणारे ब्रिटनमधील सुवर्णपदक मिळाले. हे पदक मिळविणारा तो पहिलाच उंदीर. २०२२ च्या जानेवारीत तो वारला. गणपतीच्या वाहनाला शतकानुशतके मान देणाऱ्या आपल्या वाचकांना या पदकाचे फारसे नवल वाटणार नाही.

उंदीर टिकले आणि गोळा मागे पडला, याचे एक कारण असे दिसते, की उंदीर हुंगून सांगतो आणि खात्री माणूस करतो. खात्रीचे काम त्याने उंदरावर सोपविलेले नाही.

सुरुंग निघेपर्यंत ज्यांचे पाय जायचे ते जातात. त्यांच्यासाठीही कोणीतरी काहीतरी घडवावे लागते. येथे भारताचे नाव आदराने घेतले जाते. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस रबराचा असा पाय घडविला, की तो लावून अनवाणी चालता येते, मांडी घालून बसता येते, चिखलात उभे राहून शेती करता येते. बँक क्षेत्रातील वाचकांना या कामाशी जोडलेले एक नाव परिचयाचे असेल. रिझर्व्ह बँकेचे माजी डेप्युटी गव्हर्नर आणि पुढे ‘सेबी’चे अध्यक्ष झालेले देवेंद्रराज मेहता यांनीच १९७५ मध्ये जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना केली. १९६९ मधील एका मोटार अपघातात त्यांचा स्वतःचा पाय जाता जाता वाचला होता. समिती हे पाय विनामूल्य देते आणि तिची शिबिरे परदेशांतही झाली आहेत. काबूल हे त्यांपैकी एक.

आजची परिस्थिती

सुरुंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार डिसेंबर १९९७ मध्ये ओटावा येथे झाला आणि १ मार्च १९९९ पासून अमलात आला. अफगाणिस्तान त्यात २००२ मध्ये सामील झाले. सीमांच्या संरक्षणाचे कारण देऊन भारत, चीन, पाकिस्तान, रशिया व अमेरिका या करारापासून दूर राहिले. २०२५ मध्ये एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया, पोलंड व फिनलंड या युरोपीय देशांनी शेजारच्या युद्धाचे भय दाखवून करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. म्हणजे ज्या युरोपात एका निर्वासित मुलाने बांबूचा गोळा बनविला, तेथेच आता सुरुंगांना पुन्हा दार उघडले जात आहे.

अफगाणिस्तानात २०२१ च्या सत्तांतरानंतर लढाई बरीचशी थांबली आणि पूर्वी जेथे जाता येत नव्हते त्या भागांत लोक परतू लागले, शेते धरू लागले. त्याबरोबर जमिनीत दडलेले दारूगोळेही सापडू लागले. भंगार वेचून चार पैसे मिळविणारी मुले त्यात अधिक सापडतात. परदेशी मदत आटल्यामुळे सुरुंग काढणाऱ्यांची पथके मात्र कमी झाली.

पथके पोहोचली नाहीत, तरी शिकवण पोहोचावी म्हणून शाळांतून, मशिदींतून आणि गावच्या चौकांतून मुलांना चित्रे दाखविली जातात. ही वस्तू दिसली तर हात लावू नका, मोठ्यांना सांगा. पांढऱ्या दगडांच्या आत खेळा. लाल दगडांपलीकडे चेंडू गेला, तर तो आणायला जाऊ नका.